तांबट गल्लीतलं बोलावणं

माझ्या वडिलांच्या दुकानापासून भालूकाकांच्या उंबऱ्यापर्यंत नऊ पावलं आहेत. म्हणजे माझी नऊ. काकांची आता अकरा होतात, कारण त्यांचे गुडघे गेले आहेत. एवढं अंतर कापायला आवाजाला वीस मिलिसेकंदही लागत नाहीत. मी ध्वनीची इंजिनिअर आहे, असली उत्तरं मी झोपेतही देऊ शकते. पण त्या गुरुवारी तेवढंच अंतर कापायला भालूकाकांना सव्वाचार तास लागले, आणि त्याला कारण मी आहे. हे मी आधीच सांगून टाकते. दुसरे लोक सांगायला बसले की माझी बाजू घेतात, आणि ते मला सहन होत नाही.

आमची तांबट गल्ली जुन्या नाशकात, नदीच्या अंगाला. समोरासमोर बारा घरं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तांबं ठोकल्याचा आवाज. नवखा पाहुणा आला की दहा मिनिटांत डोकं धरून बसायचा, आणि आम्ही पोरं त्याची मजा बघायचो. आम्हाला तो आवाज म्हणजे माणसंच वाटायची. घाईघाईचा ठोका भालूकाकांचा, कारण त्यांना नेहमी कुठेतरी जायचं असायचं. संथ, मोजून मारल्यासारखा ठोका माझ्या वडिलांचा, दिगंबर निजामपूरकरांचा. त्यांना मी दादा म्हणायची. दादांचा ठोका जरा अडखळला तर समोरून इंदूकाकू, म्हणजे भालूकाकांची बायको, आल्याचा चहा पाठवायची. 'दिगूभावजींना कणकण दिसतेय,' म्हणायची. आणि खरंच कणकण असायची.

या गल्लीत एक रीत होती. एवढ्या गदारोळात कोणी हाक मारली तर ऐकू जाणार कशी? म्हणून मदत हवी असली की भांड्यावरच ठोकून सांगायचं. तीन ठोके पटापट, मग श्वासभर थांबायचं, मग एक जड ठोका. पुन्हा तसंच, कोणी येईपर्यंत. याला बोलावणं म्हणायचे. मोठा बंब उलटा करायचा असो की कोणाला फेफरं आलेलं असो, बोलावणं एकच. ते ऐकलं की हातातलं काम टाकून निघायचं. कोणाचं काय काम आहे, आपली पाळी आहे का, हे तिथे पोचल्यावर विचारायचं. माझ्या जन्माच्या वेळी आईला अचानक कळा सुरू झाल्या तेव्हा दादांनी घंगाळावर बोलावणं ठोकलं होतं. इंदूकाकू कणकेच्या हातांनीच धावत आली आणि ती कणीक आईच्या कपाळाला लागली, हे मला दर वाढदिवसाला ऐकावं लागायचं. आई मी कॉलेजात असताना गेली. तेव्हाही बोलावण्यानेच सगळी गल्ली गोळा झाली होती.

आता माझ्या यंत्राबद्दल सांगते. ते मी काही वाईट हेतूने केलं नव्हतं. दादांचे काका पन्नाशीत ठार बहिरे झाले होते. गल्लीतल्या प्रत्येक घरात असा एकजण होता. मला त्यांचे कान वाचवायचे होते. निदान सुरुवातीला तरी एवढंच होतं.

आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या बरोब्बर उलटी लाट त्याच क्षणी कानात सोडली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि कानाला काहीच ऐकू येत नाही. पंख्याची घरघर अशी मारता येते, कारण पुढच्या क्षणी ती कशी असणार हे माहीत असतं. हातोड्याच्या ठोक्याचं तसं नाही. तो आला हे कळेपर्यंत तो कानात शिरलेला असतो. पुण्यात ज्या कंपनीत मी लागले तिथे आम्ही यावर एक उपाय काढला. आवाज जिथे निघतो तिथेच भिंतीवर एक छोटी पेटी बसवायची. ठोका पडला की पेटी तो ऐकते आणि आसपासच्या लोकांच्या कानांत ज्या वाटाण्याएवढ्या गोळ्या असतात त्यांना रेडिओलहरींवरून कळवते, की असा असा ठोका निघालाय, तयार राहा. रेडिओलहर आवाजाच्या जवळजवळ नऊ लाख पट वेगाने धावते. आवाज बापडा नऊ पावलं चालून येईपर्यंत गोळीने उलटी लाट करून ठेवलेली असते. माणसाचं बोलणं, रडणं, किंकाळी, काच फुटणं, गाडीचा भोंगा, हे सगळं मात्र आत येऊ द्यायचं. नको तेवढंच बाहेर ठेवायचं. या जोडीला आम्ही 'निवांत' असं नाव दिलं.

नको ते कोणतं, हे यंत्राला शिकवावं लागतं. त्यासाठी मी दोनशे तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि ते कुठे केलं असेल हे सांगायला नको. दादांच्या दुकानात. दादा कौतुकाने विचारायचे, 'आज चांगला आला का गं आवाज?' माझ्या यंत्राला माझे वडील आवाज पुरवत होते, याचा त्यांना फार अभिमान होता.

यंत्राने ते दोनशे तास ऐकून आवाजांचे गट पाडले. एका सकाळी माझी सहकारी नंदिता तिच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, 'शर्वरी, हा एक गट बघ. ठोकेच आहेत, पण मशीनने वेगळे काढलेत. काय आहे हे?'

मी ऐकलं. तीन पटापट, श्वासभर शांतता, एक जड. दोनशे तासांत ते सात वेळा आलं होतं. यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने ते बरोबर ओळखून बाजूला काढलं होतं आणि मला विचारलं होतं, हे काय आहे?

त्या आठवड्यात आम्हाला नमुना दाखवायचा होता. नवा गट करायचा म्हणजे सगळं प्रशिक्षण पुन्हा, म्हणजे निदान तीन आठवडे. आणि मी मनाशी म्हटलं, आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत, बोलावणं कोण ठोकतंय. नंदिताला मी म्हटलं, 'ठोकेच आहेत गं. गोंगाटात टाक.' तिने टाकलं. सगळ्या जगात त्या आवाजाचा अर्थ जाणणारी माणसं असतील साठ-सत्तर. त्यातलीच एक मी होते, म्हणून तर ही चूक दुसऱ्या कोणाला करताच आली नसती.

निवांत तुफान चाललं. विमानतळावर, छापखान्यात, रस्त्याकडेच्या घरांत. तीन वर्षांत मी त्या विभागाची प्रमुख झाले. बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तिथून पुणं एखाद्या नकाशासारखं दिसायचं आणि ऐकू काहीच यायचं नाही. शेजारी कोण राहतं ते मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याची मला जरा ऐट वाटायची.

आणि मग मी माझ्या गल्लीला भेट द्यायचं ठरवलं. दिवाळीच्या आधी गाडीत खोके भरून गेले. अकरा घरांत प्रत्येकाच्या कानाला एकेक जोडी आणि प्रत्येक दुकानात भिंतीवर एकेक पेटी. भालूकाकांनी कानात गोळ्या घातल्या, समोर त्यांच्याच पुतण्याला ठोकायला सांगितलं, आणि त्याचा हातोडा वर-खाली होताना बघून लहान मुलासारखे हसायला लागले.

'अगं शर्वरी, हा तर मुका सिनेमा झाला!' ते म्हणाले. 'इंदे, काहीतरी बोल बघू.'

'काय बोलू? चाळीस वर्षं बोलतेच आहे,' काकू म्हणाली.

'छ्या. हिचं ऐकू येतंय की,' काका म्हणाले, आणि सगळी गल्ली खदखदून हसली.

दादांनी मात्र गोळ्या घेतल्या नाहीत. 'तांबं पातळ व्हायला लागलं की ठोक्याचा आवाज बदलतो गं,' ते म्हणाले. 'तो नाही कळला तर भांडं फाटेल. तू पेटी लाव भिंतीवर. तुझं यंत्र माझ्या दुकानात असलेलं मला आवडेल.' मी स्टुलावर चढून पेटी लावली. दादांनी स्टूल धरून ठेवलं होतं.

गल्लीचं भलंही झालं, ते नाही म्हणणार नाही. पोरांचे अभ्यास होऊ लागले. जी घरं भाड्याने जात नव्हती ती जायला लागली. तान्ही बाळं दुपारची झोपू लागली. लोक सवयीने सकाळी उठल्या उठल्या गोळ्या घालत आणि झोपताना काढत. पण ठोका अडखळला म्हणून चहा यायचा तो बंद झाला. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. ठोकाच ऐकू येत नाही तर अडखळला हे कळणार कसं?

दादांचा फोन रविवारी यायचा. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते म्हणाले, 'शर्वरी, परवा बंब उलटा करायचा होता. बोलावणं ठोकलं. कोणी आलं नाही.'

मी लॅपटॉपवर काहीतरी करत होते. 'फोन करायचा ना दादा भालूकाकांना.'

'समोर तर होता तो. दारात बसून पेपर वाचत होता. मी ठोकतोय आणि त्याने मान वर केली नाही.' मग म्हणाले, 'काही चुकलं का गं माझं? गेल्या महिन्यात त्याच्या गिऱ्हाइकाने माझ्याकडून कळशी नेली, त्याचा राग असेल का?'

त्या वेळी मी लॅपटॉप बाजूला ठेवायला हवा होता. मी म्हटलं, 'काहीतरीच काय दादा. त्यांच्या कानात गोळ्या असतात. मोबाईल खिशात ठेवत जा, आणि मी पुढच्या रविवारी येतेच आहे, तेव्हा बघू.' पुढच्या रविवारी मी सिंगापूरला होते.

दादांना गोळ्या म्हणजे कापसाच्या बोळ्यांसारखं काहीतरी वाटायचं. आवाज जरा कमी होत असेल, एवढंच. ज्यांनी आयुष्यभर तांबं ठोकलं त्यांना हातोड्याचा घाव समोरच्या माणसाला अजिबात ऐकू येत नाही, हे पटणार तरी कसं? मी कधी दादांच्या कानात गोळ्या घालून ते दाखवलंही नव्हतं.

त्या गुरुवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी दादा दुकानात कोसळले. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मोबाईल वरच्या मजल्यावर चार्जिंगला होता. भालूकाका दिवे लागायच्या सुमाराला दुकानात डोकावले तेव्हा दादा ऐरणीमागे, ओट्यावरून दिसणार नाहीत असे, जमिनीवर पडलेले दिसले.

डॉक्टर म्हणाले, साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळवणारं औषध देता आलं असतं. रुग्णालयात पोचेपर्यंत पाच तास होऊन गेले होते.

मी पुण्याहून आले. दादा शुद्धीवर होते. बोलता येत नव्हतं, पण दुसऱ्याचं बोललेलं सगळं समजत होतं, डॉक्टरांनी ते तपासून सांगितलं होतं. मला बघितल्यावर त्यांचे डोळे निवळले. डाव्या हाताने त्यांनी माझी बोटं धरली आणि सोडली नाहीत. मी लहान मुलीसारखी रडले.

शुक्रवारी सकाळी भालूकाका आणि काकू आले. काका खाटेजवळ वाकून म्हणाले, 'दिगू, काय रे हे? लवकर बरा हो, बंब कोण करणार?'

दादांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

काकांना वाटलं, दुखत असेल. ते दुसऱ्या बाजूला गेले. दादांनी डोळे मिटून घेतले. मग निकम आले, वडके आले, गल्लीतलं माणूस न माणूस आलं, आणि प्रत्येकाच्या वेळी दादा तोंड फिरवत राहिले. साठ वर्षं ज्यांच्याबरोबर काढली त्यातल्या एकाकडेही त्यांना बघायचं नव्हतं. मी जवळ गेले की मात्र पुन्हा माझी बोटं शोधायचे.

मला काहीतरी वाटलं. काय वाटलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. दुपारी चारला मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात लॅपटॉप उघडला. पेटी जे ऐकते ते सुधारणेसाठी तीस दिवस साठवून ठेवते. दादांच्या दुकानातली गुरुवारची दुपार मी उघडली.

दोन वीसला धप्पकन आवाज. मग बराच वेळ काहीतरी सरपटल्याचा आवाज. आणि मग तांब्यावर, डाव्या हाताने मारलेले, वेडेवाकडे पण ओळखू येणारे ठोके. तीन पटापट, श्वासभर शांतता, एक जड.

ठोक्यांच्या शेजारी पेटीची नोंद होती. प्रत्येक ठोका तिने त्याच क्षणी अकरा घरांना कळवला होता. एकही चुकला नव्हता. माझ्या वडिलांचं बोलावणं रेडिओलहरींवरून अकराच्या अकरा घरांत पोचलं होतं, आणि अकराही घरांत यंत्रांनी ते झेलून, उलटी लाट करून, मारून टाकलं होतं. शेजारधर्म पाळला तो यंत्रांनी, एकमेकांशी.

आणखी एक गोष्ट त्या नोंदीमुळे लक्षात आली. तीन वाजून दहा मिनिटांनी मी इंदूकाकूला फोन केला होता. दादांच्या पंच्याहत्तरीला काय द्यावं हे विचारायला. सात मिनिटं बोललो आम्ही. काकू समोरच्या ओट्यावर बसून बोलत होती. माझ्या फोनमध्येही आमचंच तंत्र होतं, मागचा गोंगाट काढून टाकणारं. मी काकूला म्हटलं होतं, 'काय छान शांत वाटतंय गं गल्लीत.' ती म्हणाली होती, 'तुझीच कृपा, बाई.' त्या सात मिनिटांत दादा ठोकत होते.

आता दादांनी तोंड का फिरवलं ते मला कळलं. त्यांच्या लेखी सगळ्या गल्लीने ते बोलावणं ऐकलं होतं. नऊ पावलांवर माणसं बसली होती, आणि ती आली नव्हती.

एक वाक्य बोलायचं होतं मला. दादा, त्यांना ऐकू आलं नाही, माझ्या यंत्राने ते येऊ दिलं नाही. एवढं सांगितलं असतं तर त्यांची गल्ली त्यांना परत मिळाली असती. ती नोंद मी नंदिताला पाठवल्यावर कंपनीतून फोन आला होता, चौकशी होईपर्यंत कोणाशी काही बोलू नकोस म्हणून. लोकांना वाटतं मी त्यामुळे गप्प बसले. तसं नाही. मी गप्प बसले कारण मला बघितल्यावर दादांचे डोळे निवळत होते. हे ऐकल्यावर ते माझ्याकडूनही तोंड फिरवतील, याची मला भीती वाटली. त्यांच्याकडे सगळ्या जगात एक माणूस उरलं होतं आणि ते मी होते, आणि मला ते हवंहवंसं वाटत होतं.

शनिवारी दोनदा मी सुरुवात केली. 'दादा, तुम्हाला एक सांगायचंय.' त्यांनी माझ्याकडे असं लक्ष देऊन पाहिलं, मी शाळेचं प्रगतीपुस्तक दाखवायची तेव्हा बघायचे तसं. मी म्हटलं, 'डॉक्टर म्हणतायत, सुधारणा आहे.' दुसऱ्यांदा म्हटलं, 'थोडं पाणी देऊ का?' संध्याकाळी काकूने पेज करून आणली होती. दादांनी तोंड उघडलं नाही. काकू बाहेर जाऊन डब्याचं झाकण लावत राहिली, ते तिला लागेना.

मी ठरवलं, रविवारी सकाळी नक्की. रविवारी पहाटे सहाला दादा गेले.

तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी भालूकाका दुकानात आले. मी ऐरणीपाशी नुसती बसून होते. काका समोरच्या पाटावर बसले आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिले.

'शर्वरी, तो माझ्यावर का रागावला होता गं?' त्यांनी विचारलं. 'मला झोप नाही. काय केलं मी? काही बोलला होता का तुझ्याकडे, आधी कधी?'

मी त्यांना सांगितलं. पेटी, गट, नंदिता, गोंगाट, सगळं. काकू त्यांना बोलवायला म्हणून आली होती, ती दारातच उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर मी म्हटलं, 'मी तुमच्या कानांत बोळे घातले, काका.'

'तू हातात दिलेस,' काकू म्हणाली. 'कानात आम्हीच घातले.'

काका म्हणाले, 'मला ऐकव.'

'काका, नको.'

'ऐकव म्हणतोय ना.'

मी लॅपटॉप ऐरणीवर ठेवला आणि चालू केलं. पहिलं बोलावणं वाजलं. काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने मी म्हटलं, 'असंच आहे पुढे, सव्वाचार तास. पुढे ढकलू का?'

'हात लावू नकोस,' काका म्हणाले.

आवाज बाहेर जात होता. त्यांनी आणि काकूने त्या रविवारपासूनच गोळ्या काढून ठेवल्या होत्या. सुतकात बंद ठेवलेलं गल्लीतलं काम अजून सुरू झालं नव्हतं, त्यामुळे बाकीच्यांच्या कानांतही काही नव्हतं. आधी निकम आले, धावतच, चप्पल न घालता. मग वडकेवहिनी. मग एकेक करत अकराही उंबऱ्यांतली माणसं. प्रत्येकाला वाटलं, काहीतरी झालं आहे. काकू त्यांना दारातच हळू आवाजात सांगत होती, आणि माणसं आत येऊन मिळेल तिथे बसत होती. जागा संपली तेव्हा बाहेर ओट्यावर, रस्त्यावर. तीन पटापट, श्वासभर शांतता, एक जड. तास गेला. कोणी उठलं नाही. पोरांनाही कोणी घरी पाठवलं नाही. दुसऱ्या तासात ठोके हळू झाले. तिसऱ्यात मधे मधे इतका वेळ जायचा की वाटायचं संपलं, आणि मग पुन्हा यायचे. वडकेवहिनी एकदा तोंडाला पदर लावून म्हणाल्या, 'अहो, बास करा आता,' ते त्या दादांनाच म्हणत होत्या.

सव्वाचार तासांनी मुद्रणात पावलं वाजली. मग काकांचाच आवाज आला, अगदी मजेतला. 'काय रे दिगू, अंधारात काय बसलायस?'

आणि त्याच्या खाली ठोके चालूच होते. तीन, आणि एक. काका दारात उभे होते, कानांत गोळ्या, आणि त्यांना ते तेव्हाही ऐकू येत नव्हते. मग काकांची किंकाळी, आणि ठोके थांबले.

भालूकाकांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. 'त्याच्या हातात लाकडी हातोडा होता,' ते म्हणाले. 'घट्ट धरलेला. मी एकेक बोट सोडवून काढून घेतला. म्हटलं, पडताना हातातच राहिला असेल.'

मग त्यांनी मला विचारलं, 'त्याला सांगितलंस ना तू? आम्हाला ऐकू आलं नाही म्हणून?'

पन्नासएक माणसं माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. नको ते लोकांच्या कानावर पडू न देणं, हे काम मी पंधरा वर्षं केलं होतं, आणि मला ते चांगलं जमत होतं.

'नाही काका,' मी म्हटलं.

'कधी कळलं होतं तुला?'

'शुक्रवारी दुपारी.'

त्यांनी मनाशी मोजलं. 'दीड दिवस होता तुझ्याकडे?'

'हो.'

ते ओरडले नाहीत. भिंतीला धरून उठले आणि घरी गेले. मागोमाग बाकीचे उठले. काकू एकटी थोडा वेळ बसली, मग तीही गेली.

मी नोकरी सोडली. लोक म्हणतात केवढा त्याग, पण खरं म्हणजे मला त्या फ्लॅटमधली शांतता सोसवेना. आता दादांच्या दुकानाच्या वरच राहते. त्या दोनशे तासांतले सात तुकडे वेगळे काढून मी कंपनीला पाठवले आणि त्यांनी तो गट केलाही. गल्लीला त्याची गरज नाही, इथे कोणी गोळ्या घालत नाही. तांबं सकाळी आठला सुरू होतं, आणि पाहुणे डोकं धरून बसतात.

दोन्ही वेळचं ताट इंदूकाकूकडून येतं. एकही वेळ चुकलेली नाही. मला खोकला झाला तेव्हा काढाही आला. वडकेवहिनी, निकम, सगळे बोलतात, घडलं ते घडलं म्हणतात. भालूकाका त्या दुपारपासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. रोज सकाळी ते समोर येऊन बसतात, मांडीशी घंगाळ ओढतात. मी ओट्यावर येऊन हाक मारते, 'काका, चहा घेणार का?' नऊ पावलांवरून. त्यांच्या कानांत काही नसतं. त्यांना ऐकू येतं, आणि ते ठोकत राहतात.